गहाणातले घर

गृहकर्ज म्हणजे गहाण. जाहिरातीत किल्ल्यांचा जुडगा आणि उंबऱ्यावरची रांगोळी दिसत असली, तरी करारात उरतात ते दोनच पक्ष: गहाण देणारा आणि गहाण घेणारा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. गावाकडच्या व्यवहारात त्यांतले दोन सर्वांच्या तोंडी होते. जमीन सावकाराच्या ताब्यात देऊन घेतलेले कर्ज ते ताबेगहाण आणि जमीन स्वतः कसत राहून तिच्यावर नुसता बोजा चढवून घेतलेले ते नजरगहाण. मुंबईतील फ्लॅटवर मिळणारे कर्ज बहुधा आणखी वेगळ्या जातीचे असते. त्यात घराचा ताबा कर्जदाराकडेच राहतो, मालकीचे मूळ कागद मात्र बँकेकडे ठेवावे लागतात. नुसते कागद ठेवून गहाण करण्याची ही सोय कायद्याने आरंभी मुंबई, कोलकाता, मद्रास यांसारख्या व्यापारी शहरांपुरतीच दिली होती. व्यापाऱ्याला पैसा तातडीने लागतो, दस्त नोंदवत बसायला त्याला सवड नसते. अशा गहाणातल्या घरात राहता येते, भिंत रंगवता येते, बँकेला विचारून भाड्यानेही देता येते. विकता येत नाही. कर्ज फेडून गहाण सोडवण्याचा हक्क मात्र कोणत्याही करारातील कलमाने हिरावता येत नाही, आणि या कायद्यातील कर्जदाराच्या बाजूची सर्वांत भक्कम तरतूद हीच.

महाराष्ट्राला गहाणाची ओळख शहरातून झालेली नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चे नेले. त्यांना मुख्यतः कर्जरोखे आणि हुकूमनामे हवे होते. ते काढून घेऊन त्यांनी चव्हाट्यावर जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले आणि इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' असे नाव पडले. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ देणे खरोखर किती होते हे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. निरक्षर कुळाला रोखा वाचता येत नव्हता. आजच्या कर्जदाराला हप्त्यांचे वेळापत्रक छापील मिळते, ईमेलवरही येते. ते शेवटच्या पानापर्यंत वाचणारे किती, हा प्रश्न वेगळा.

मुंबईत पगारदार माणसाने कर्ज काढून घर घेणे ही तशी अलीकडची गोष्ट. गिरणी कामगार चाळीत भाड्याने राहत. कारकुनांची आणि मास्तरांची कुटुंबे गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत, त्याही भाड्याच्या किंवा पागडीच्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. ज्याला खोली मिळाली तो हलेना आणि भाड्यासाठी नवी चाळ बांधायला कोणी पुढे येईना. स्वतःचे घर व्हायचे ते निवृत्तीच्या सुमारास, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातात पडल्यावर, आणि तेही बहुधा डोंबिवली-बोरिवलीकडे. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी ही संस्था उभी केली, तेव्हा पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणे हा धंदा होऊ शकतो यावर फारशांचा विश्वास नव्हता. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली, पुढे सरकारी आणि खासगी बँका या व्यवसायात उतरल्या. खुद्द एचडीएफसी १ जुलै २०२३ रोजी स्वतःच काढलेल्या बँकेत विलीन झाली.

या पन्नास वर्षांत घर घेण्याचे वय साठीवरून तिशीवर आले, हा बदल चांगलाच. पण त्याबरोबर आणखी एक बदल झाला. पूर्वी साठवलेल्या पैशांत मावेल तेवढे घर घेतले जाई. आता पुढच्या वीस वर्षांच्या पगारात मावेल तेवढे घेतले जाते, आणि विकणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असते. 'घर केवढ्याला पडते?' या प्रश्नाच्या जागी 'हप्ता किती बसतो?' हा प्रश्न येऊन बसला. महाग शहरात घर घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या अदलाबदलीतून होतात.

हप्त्याचे गणित अवघड नाही, फक्त त्याची चाल मनाच्या अंदाजाशी जुळत नाही. उपनगरातील एक कोटी वीस लाखांचा दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला आणि त्यासाठी ९० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने, साडेआठ टक्के दराने काढले असे धरू. हप्ता ७८,१०४ रुपये बसतो. पहिल्या महिन्यात त्यातले ६३,७५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून फिटतात जेमतेम १४,३५४ रुपये. दर महिन्याला व्याजाचा वाटा किंचित घटतो, मुद्दलाचा किंचित वाढतो. हप्त्याचा अर्धा भाग मुद्दलात जाऊ लागायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरला तर भरलेली रक्कम होते सुमारे ९४ लाख, आणि शिल्लक कर्ज असते ६३ लाख. म्हणजे निम्मी मुदत संपली तेव्हा फिटले फक्त २७ लाख. बँकेने इथे काही लबाडी केलेली नसते. शिल्लक मुद्दल मोठे असताना त्यावरचे व्याजही मोठे असणार, एवढेच त्यामागे आहे. तरीही दहाव्या वर्षी घर विकायला निघालेल्या माणसाला हा आकडा पाहून धक्का बसतोच.

मुदतीचा परिणाम याहून फसवा. हेच कर्ज ३० वर्षांचे केले तर हप्ता ६९,२०२ वर येतो. महिन्याला ८,९०२ रुपये कमी, कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर बसलेल्या जोडप्याला हायसे वाटावे असा फरक. मात्र एकूण व्याज ९७ लाखांवरून १ कोटी ५९ लाखांवर जाते. उलट्या बाजूने पाहिले तर पहिले वर्ष संपताना जास्तीचे पाच लाख भरून हप्ता तोच ठेवला, तर वीस वर्षांच्या कर्जातले शेवटचे २९ हप्ते गळून पडतात. पाच लाखांनी साडेसतरा लाखांच्या आसपास व्याज वाचते. तीच रक्कम पंधराव्या वर्षी भरली तर फायदा पुष्कळच कमी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे बोनस मिळाला की थोडी रक्कम मुद्दलात टाकणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सोपा शहाणपणा ठरतो.

इथे एक सावधगिरी. 'नव्वद लाखांचे पावणेदोन-दोन कोटी भरले' असे जे म्हटले जाते ते अंकगणित म्हणून बरोबर आणि अर्थकारण म्हणून अर्धवट असते. विसाव्या वर्षीचे ७८ हजार आणि पहिल्या वर्षीचे ७८ हजार हे एकाच मोलाचे पैसे नाहीत. महागाईने शेवटचे हप्ते हलके होतात, पगार वाढल्याने आणखीच हलके होतात. काका-मामांनी १९८५ मध्ये घेतलेल्या घराचा भाव ऐकताना जी चूक होते, तीच इथे उलट दिशेने होते. कर्जाचा खरा ताण पहिल्या सात-आठ वर्षांत असतो. नेमक्या त्याच काळात मूल होते, कोणाची तरी नोकरी जाते किंवा आईवडिलांचे आजारपण निघते.

दर स्थिर नसतो ही दुसरी अडचण. भारतात गृहकर्जे बहुतांशी बदलत्या दराची असतात. हा दर कशाला बांधलेला असावा याचे नियम रिझर्व्ह बँकेने अनेकदा बदलले. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मापदंडाला, बहुधा रेपो दराला, जोडलेली असतात. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही, आणि कर्ज घेताना हा फरक विचारून घेणारे थोडे. करोनाच्या काळात रेपो दर ४ टक्क्यांवर होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर पोचला. २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने उतरून ५.२५ टक्क्यांवर आला. अडीच टक्क्यांची ती चढण कागदावर किरकोळ वाटते. २०२१ च्या आसपास सात टक्क्यांनी ९० लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता ६९,७७७ रुपये होता. दीड वर्षानंतर त्याची शिल्लक पावणेसत्त्याऐंशी लाखांच्या जवळ असताना दर एकदम साडेनऊ झाला असे धरले, तर नुसते व्याजच महिन्याला ६८,६६२ रुपये होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात हजार-अकराशे रुपये जातात आणि उरलेली साडेअठरा वर्षांची मुदत ताणून जवळपास चव्वेचाळीस वर्षांची होते. प्रत्यक्षात दर पायरीपायरीने चढला, पण दिशा हीच होती. बँकांनी अनेकांचा हप्ता न वाढवता मुदत वाढवली. हप्ता तेवढाच कापला जात असल्याने कित्येकांना काही घडल्याचा पत्ताच लागला नाही. निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहणार हे कळले ते वर्षा-दोन वर्षांनी, खात्याचा उतारा पाहताना.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर परिपत्रक काढले. दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो हे कर्जदाराला कळवले पाहिजे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडेथोडे, हे त्याला निवडू दिले पाहिजे. आणि वाढलेली मुदत अशी नको की ज्यात हप्त्यातून व्याजही भागत नाही. नियम योग्यच आहे. पण निवड विचारली तरी बहुतेकजण मुदतच वाढवून घेतात, कारण त्यांनी घर मुळात हप्त्याच्या हिशेबाने घेतलेले असते.

बँक किती देते याला मर्यादा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, असे रिझर्व्ह बँकेचे प्रमाण आहे. त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरली जात नाही. म्हणून वरच्या उदाहरणातल्या १ कोटी २० लाखांच्या घराला ३० लाख स्वतःचे लागतात, त्याशिवाय मुंबईच्या सहा टक्क्यांनी ७ लाख २० हजार मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी, दलालाची दलाली, जुने घर असल्यास सोसायटीचे हस्तांतरण शुल्क. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. इमारत बांधून व्हायची असेल तर पाच टक्के जीएसटी, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो नाही. थोडक्यात, चाळीस लाख हाताशी असल्याखेरीज हे घर घेता येत नाही. इथेच वैयक्तिक कर्ज, सोनेतारण, गावची जमीन विकणे, सासऱ्यांकडून उसने असे मार्ग निघतात. ही उसनवारी बँकेच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

जुन्या घरांच्या व्यवहारात 'थोडे रोखीने' हा शब्द अजून ऐकू येतो. वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख देणेघेणे २०१५ पासून प्राप्तिकर कायद्याने निषिद्ध आहे. शिवाय रोखीच्या भागावर कर्ज मिळत नाही, पुढे विकताना तो खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि विकणारा फिरला तर मागायला पुरावा नसतो. कायदा बाजूला ठेवला तरी हा सौदा घेणाऱ्याच्या अंगावर येणारा आहे.

नोंदणीचा दिवस बहुतेकांना नीट आठवतो, जरी त्यात पाहण्यासारखे काही नसते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सकाळपासून टोकनची वाट पाहायची. एजंटाच्या काखेत दीड-दोनशे पानांची फाईल, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या. नाव पुकारले की खिडकीपाशी उभे राहून अंगठा यंत्रावर टेकवायचा. तो उमटला नाही तर रुमालाने पुसून पुन्हा. समोरच्या छोट्या कॅमेऱ्यात पाहायचे, दोन साक्षीदारांनी तेच करायचे. बँकेचा माणूस बाजूला धनादेश घेऊन उभा असतो आणि नोंदणीची पावती पाहिल्याखेरीज तो विकणाऱ्याच्या हातात देत नाही. चार-पाच मिनिटांत माणूस वीस वर्षांच्या देण्यात शिरतो, आणि नोंदलेला मूळ करार मिळाल्यावर तो घरी न जाता बँकेत जातो. त्यानंतर गहाणाची सूचना निबंधकाकडे दाखल करावी लागते, कर्जाच्या प्रमाणात तिचेही शुल्क असते. केंद्रीय नोंदवहीतही बोजा चढतो, म्हणजे त्याच घरावर दुसऱ्या बँकेचे कर्ज काढता येत नाही.

बँकेने कागद तपासले म्हणजे घर निर्धोक, असा समज सार्वत्रिक आहे. तो निम्माच खरा. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो, मूल्यांकन करणारा फ्लॅट पाहून जातो, पण दोघांचा प्रश्न एकच असतो: कर्ज थकले तर ही वस्तू विकून पैसे निघतील का? कर्जदाराचा पगार दीड लाखावर आणि दुसरे देणे नाही म्हटल्यावर बँकेची बरीचशी काळजी तिथेच मिटते. घेणाऱ्याला मात्र त्या इमारतीत राहायचे असते. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती मुंबईत थोड्याथोडक्या नाहीत. लोक तिथे वर्षानुवर्षे राहतात आणि पाण्याला चढा दर मोजतात. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील इमारतींवर १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवले गेले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वरच्या मजल्यांना संरक्षण नाकारले, तेव्हा तिथल्या कुटुंबांचे पंचवीस-तीस वर्षांचे वास्तव्य कामी आले नाही.

त्याहून अधिक इमारतींना ग्रासणारी गोष्ट जमिनीची. मुंबईत घराच्या किमतीतला मोठा वाटा जमिनीचा असतो, सिमेंट-सळईचा नव्हे. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायद्याप्रमाणे फ्लॅटधारकांची संस्था, म्हणजे सोसायटी, स्थापन झाली की साधारण चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची. यालाच अभिहस्तांतरण म्हणतात, सोसायटीच्या सभेत 'कन्व्हेयन्स'. हजारो संस्थांत ते झालेच नाही. काही ठिकाणी बिल्डर गेला, वारस भांडत राहिले. काही ठिकाणी त्याने जाणूनबुजून टाळले, कारण जमीन नावावर असेपर्यंत पुढे मिळणाऱ्या वाढीव बांधकामाचा फायदा त्याला मिळणार होता. म्हणजे फ्लॅटवाल्याने जमिनीचे पैसे मोजले, बँकेने त्या पैशांवर व्याज घेतले, आणि मालमत्ता पत्रकावर नाव तिसऱ्याचेच राहिले. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. बिल्डर येत नसेल तर जिल्हा उपनिबंधक संस्थेच्या बाजूने तसा दाखला देऊ शकतो. घर पाहायला गेलेला माणूस पंखे, टाइल्स, वाऱ्याची दिशा विचारतो. सोसायटीच्या चिटणीसाला हा एक प्रश्न विचारणारा विरळा.

बांधकाम चालू असलेल्या घराचे धोके वेगळे. तिथे २०१७ पासून महारेरा या नियामक प्राधिकरणामुळे थोडी शिस्त आली. करार नोंदल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. भाव चटईक्षेत्रावर सांगावा लागतो, त्यामुळे जिने आणि लॉबी मिळवून फुगवलेल्या चौरस फुटांचा खेळ बराच आटोक्यात आला. तरीही बांधकाम रखडले की खरेदीदार दोन जात्यांत सापडतो: राहत्या जागेचे भाडे आणि न मिळालेल्या घराचे व्याज. 'ताबा मिळेपर्यंत हप्ता आमचा' अशा योजना मध्यंतरी फार चालल्या. त्यांत कर्ज ग्राहकाच्या नावे निघे, मोठी रक्कम बांधकाम होण्याआधीच बिल्डरला मिळे, आणि बिल्डरने व्याज भरणे थांबवले की नोटीस येई ती ग्राहकाला. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की कर्जाचा पैसा बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावा. २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांनाही असल्या योजनांपासून दूर राहायला सांगितले. आकर्षक योजना हा पुष्कळदा बिल्डरकडे खेळते भांडवल नसल्याचा पुरावा असतो.

मग एवढ्या किमतीला घर घ्यावे का? वरचाच फ्लॅट भाड्याने घेतला तर मुंबईच्या सर्वसाधारण प्रमाणात महिना ३० हजारांच्या आसपास पडेल. किमतीच्या तीन टक्के, बऱ्याच भागांत त्याहूनही कमी. मालकाचा पहिल्या वर्षाचा खर्च मांडला तर व्याज ७ लाख ६० हजार, देखभाल आणि मालमत्ता कर ६० हजार, स्वतःच्या घातलेल्या साडेसदतीस लाखांवर ठेवीत मिळाले असते ते २ लाख ६० हजार, मिळून १० लाख ८० हजार. वाचलेले भाडे ३ लाख ६० हजार. उरलेले ७ लाख २० हजार भरून निघायचे तर घराचा भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी. काही दशकांत भाव याहून वेगाने वाढले, काही भागांत वर्षानुवर्षे जागचे हलले नाहीत. 'मुंबईत जागेचा भाव कधी पडत नाही' हे वाक्य महागाई वजा न करता उच्चारले जाते. कराची सवलत हा तर्क आता लंगडा झाला आहे. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांचीच वजावट, नव्या प्रणालीत तीही नाही.

असे असून लोक घर घेतात यात वेडेपणा मुळीच नाही. ते भाव मोजतात तो स्थैर्याचा. जुन्या कायद्याने भाडेकरूला इतके संरक्षण दिले की घरमालकांनी भाड्याने देणे सोडले. त्यावर उतारा म्हणून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रूढ झाला, त्यात राहणाऱ्याला जवळजवळ काहीच हक्क नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. दर अकरा महिन्यांनी दलालाला एक भाडे, अनामत रकमेची रखडपट्टी, मुलांच्या शाळेपासून दूर जाण्याची टांगती तलवार, 'तुम्ही मांसाहारी का?' अशी चौकशी. ज्या शहरात पाच-सात वर्षांचा खात्रीचा, वाजवी वाढीचा भाडेकरार मिळत नाही, तिथे मध्यमवर्गीयाला मालकीवाचून स्थैर्य विकतच घेता येत नाही. घराच्या किमतीत ही मजबुरी मिसळलेली आहे.

बाकीची कारणे परिचित आहेत. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेली चिंचोळी जमीन; १९९१ च्या नियमावलीने शहरात १.३३ आणि उपनगरांत १ असा आखडता ठेवलेला चटईक्षेत्र निर्देशांक, आणि त्यावरचे प्रत्येक वाढीव क्षेत्र पैसे भरून. १९७६ पासून महाराष्ट्रात २००७ पर्यंत चाललेला नागरी जमीन कमाल धारणा कायदा, ज्याने घरे फारशी दिली नाहीत आणि मोकळ्या जमिनी मात्र खटल्यांत अडकवल्या. पुरवठा असा तुंबलेला असताना कर्ज स्वस्त केले तर त्याचा लाभ घेणाऱ्यापाशी फार काळ राहत नाही. व्याज उतरले की तेवढ्याच हप्त्यात जास्त कर्ज बसते आणि भाव त्या मापाने वर सरकतो. म्हणून गृहकर्जावरील सवलत हा घरबांधणीचा कार्यक्रम मानणे चुकीचे आहे. ती बरीचशी जमीन धरून बसलेल्याच्या खिशात जाते.

हप्ते थकले तर काय होते, हे घर घेताना कोणी विचारत नाही, अशुभ वाटते. नव्वद दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादित ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयात दावा न लावता साठ दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेता येतो, मग लिलाव. कर्जदाराला ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. लिलावात थकबाकीहून अधिक रक्कम आली तर उरलेली त्याची असते, आणि कमी पडली तर उरलेले देणेही त्याचेच. जामीनदार आणि सहकर्जदार तितकेच बांधलेले; भावाच्या कर्जावर सही करून 'नुसती फॉर्मॅलिटी' म्हणणाऱ्याला हे नोटीस आल्यावर समजते. नोकरी जाताच, नोटिसीची वाट न पाहता, बँकेशी बोलून कर्जाची फेररचना मागणे किंवा घर स्वतः विकणे यात नुकसान कमी होते. लिलावात भाव कधीच पुरा येत नाही. कर्जाएवढा मुदतीचा विमा वेगळा घेतलेला असला तर कर्जदाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला घर सोडावे लागत नाही. बँक कर्जाबरोबर जो विमा गळ्यात मारते त्याचा हप्ता बहुधा कर्जातच मिळवलेला असतो, आणि त्यावर वीस वर्षे व्याज चालते.

कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत देणे आणि बोजा उतरवणे डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद ठेवताना बँकेने दिलेली यादी जपून ठेवलेली असावी, कारण परत घेताना एकेक कागद तिच्याशी ताडून पाहावा लागतो: नोंदलेला करार, इंडेक्स टू, आधीच्या मालकांचे करार, मुद्रांकाची पावती, सोसायटीचे भागपत्र. मग सोसायटीच्या नोंदवहीतील बँकेचा बोजा काढून घ्यायचा आणि केंद्रीय नोंदवहीतला उतरला की नाही ते पाहायचे. घेताना दहा-पंधरा वर्षांची असलेली इमारत तोवर तिशी ओलांडून गेलेली असते. गच्चीवर पुनर्विकासाच्या सभा सुरू झालेल्या असतात, आणि येणारा प्रत्येक विकासक पहिल्यांदा विचारतो ते जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का. बँकेतून परत आलेल्या फाईलमध्ये तो कागद नसतो. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो, आणि तो एकट्या सभासदाला करता येत नाही, संस्थेने ठराव करून करावा लागतो.